बंद खोली कुठली?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'मूठभर वकिलांनी बंद खोलीत बसून राज्यघटना लिहिली, जनतेला कोणी विचारलंच नाही', हे कालच्या संविधान दिन पुरवणीतलं वाक्य वाचून संताप आला. संविधान सभा थेट लोकांनी निवडलेली नव्हती. प्रांतिक विधिमंडळांनी सदस्य पाठवले, आणि त्या विधिमंडळांसाठीही मत सगळ्यांना नव्हतं. हा आक्षेप रास्तच आहे. पण बंद खोली कुठली? मसुदा फेब्रुवारी 1948 मध्येच लोकांपुढे आला. त्यावर टीका, सूचना आल्या, मसुदा समितीने त्या तपासल्या आणि मग नोव्हेंबरात तो सभेत चर्चेला आला. 7,600 हून अधिक दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. प्रेक्षक कक्षात 53 हजार माणसं येऊन गेल्याचं राजेंद्रप्रसादांनी समारोपाच्या भाषणात सांगितलं आहे.

माझ्या भाचीने गेल्या वर्षी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत हाच विषय घेतला होता. उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, अशी दुरुस्ती संविधान सभेचे सदस्य ह. वि. कामतांनी 17 ऑक्टोबर 1949 रोजी मांडली. भर सभेत मतं मोजली गेली आणि 41 विरुद्ध 68 अशी ती फेटाळली गेली. पोरीने हे तारखेसकट सांगितलं. परीक्षक सगळ्यांदेखत म्हणाले, ''देवावर कधी मतदान होतं का? मनचं रचून सांगू नये.'' त्या दिवसाच्या कामकाजाची छापील पानं तिच्या हातात होती, पिनेने टाचलेली. तिने ती पुढे केली, तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही. गुणपत्रिकेत 'आशय' या रकान्यात 10 पैकी 2 गुण. त्यानंतर ती एकाही स्पर्धेत उभी राहिलेली नाही. असे परीक्षक आपल्यासारख्या वर्तमानपत्रांतले असलेच लेख वाचून तयार होतात, म्हणून हे पत्र.

आणखी एक. त्याच पुरवणीत पुढाऱ्यांच्या शुभेच्छांच्या जाहिरातींना दोन अख्खी पानं आणि उद्देशिका शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, तीही इतक्या बारीक टायपात की 'बंधुता' शब्द शाईत बुडाला आहे. पुढच्या रविवारी उद्देशिका पहिल्या पानावर नीट छापावी, आणि लेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती तिच्याखालीच द्यावी.

आपली,
एक नियमित वाचक, वाई