सर्व्हर चार झाले, सेशन तरी का तुटतात? : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी आपल्या विभागाचं पोर्टल लोकांना दिवसभर बाहेर काढत होतं. ‘आपले सेशन संपले आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा’ एवढं एक वाक्य यायचं आणि भरत आणलेला अर्ज कोरा व्हायचा. संध्याकाळी विभागाने खुलासा केला की सर्व्हर सुरळीत होते, अर्जदारांनी ब्राउझरची कॅशे साफ करावी. मागच्या खेपेला असाच गोंधळ झाला तेव्हा ‘क्षमता वाढवतो, पुन्हा असं होणार नाही’ असा शब्द आपण दिला होता. क्षमता वाढली. एका सर्व्हरच्या जागी चार आले आणि सेशन आधीपेक्षा जास्त तुटू लागली. आम्ही रोज असेच सर्व्हर सांभाळतो. ही लक्षणं आमच्या ओळखीची आहेत आणि त्यांचं मूळ अर्जदाराच्या ब्राउझरमध्ये नसतं.

एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांना, मागचं काही आठवत नाही. म्हणून लॉगिन झालं की सर्व्हर एक लांब आयडी तयार करतो, तो कुकीतून, म्हणजे ब्राउझर दर विनंतीसोबत परत दाखवतो अशा चिठ्ठीतून, ब्राउझरकडे पाठवतो आणि त्या आयडीची माहिती स्वतःच्या मेमरीत ठेवतो. यालाच सेशन म्हणतात. टॉमकॅट या जावा सर्व्हरमध्ये ही कुकी ‘जेसेशनआयडी’ नावाने दिसते. सर्व्हर एकच असेपर्यंत यात अडचण नाही. चार सर्व्हर लावून मेमरी वेगवेगळीच ठेवली, तर खिडक्या चार आणि फाइल मात्र एकाच कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये, अशी गत होते. विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या लोड बॅलन्सरने त्या कशाही वाटल्या, तर लॉगिननंतरच्या पाचही विनंत्या योग्य सर्व्हरवर पडण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक.

एवढी उघड चूक पहिल्याच दिवशी दिसते, म्हणून कंत्राटदार सहसा एक पळवाट काढतो. आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कनेक्शनच्या क्रमांकावरून, माणसाला एका सर्व्हरशी बांधून टाकतो. एनजिनएक्स या लोड बॅलन्सर म्हणून वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरमध्ये ‘आयपी हॅश’ ही एक ओळ लिहिली की झालं, आणि चार भागांच्या आयपीव्ही४ पत्त्याचे ती पहिले तीनच भाग बघते. सरकारी कार्यालयातलं कनेक्शन स्थिर असतं, पत्ता बदलत नाही. त्यामुळे तुमचे अधिकारी तपासतात तेव्हा सगळं छान चालतं. मोबाइलवरचा अर्जदार वायफायवरून डेटावर गेला की त्याचा पत्ता बदलतो, तो दुसऱ्या सर्व्हरवर पडतो आणि तिथे त्याला कुणी ओळखत नाही. शिवाय मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मोजक्या पत्त्यांमागे ठेवतात. ते सगळे एकाच सर्व्हरवर आदळतात आणि बाकीचे सर्व्हर मोकळे राहतात. तो एक सर्व्हर दमला, ‘चालू आहेस का’ विचारणाऱ्या हेल्थ चेकला उत्तर देईना, की लोड बॅलन्सर त्याला बाजूला करतो आणि त्याच्या मेमरीतली सगळी सेशन एका क्षणात जातात. शेवटच्या दिवशी लोक एकेकटे नाही, लाटेने बाहेर फेकले जातात ते बहुधा यामुळेच.

हे पडताळायला समिती लागत नाही. फोन वायफायवर ठेवून लॉगिन करा, अर्जाचं पहिलं पान भरा, वायफाय बंद करा, डेटा चालू करा आणि ‘पुढे’ दाबा. बाहेर पडलात तर सेशन आयपीशी बांधलेलं आहे, मग ते लोड बॅलन्सरने बांधलेलं असो की सुरक्षेच्या नावाखाली अॅप्लिकेशनने. संगणकावर एफ १२ दाबून कुकीची यादी उघडा आणि आयडीची शेवटची काही अक्षरं लिहून ठेवा. लॉगआउट न करता पुढच्या पानावर आयडी बदललेला दिसला, तर बहुधा सर्व्हरने जुना आयडी ओळखला नाही आणि नवं कोरं सेशन हातात दिलं. टॉमकॅटमध्ये सर्व्हरला नाव देणारं ‘जेव्हीएमरूट’ नीट लावलेलं असेल तर आयडीच्या शेवटी टिंबानंतर सर्व्हरचं नावही दिसतं. ते बदललं की पुराव्याला आणखी काही नको.

पैसे कापले गेले आणि अर्ज ‘प्रलंबित’ राहिला, ही तक्रार वेगळी आहे आणि आम्हाला सर्वांत जास्त संताप तिचाच येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमची ८० वी आवृत्ती आली, तेव्हापासून ‘सेमसाइट’ (दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची का, ही सूचना) न सांगितलेली कुकी ‘लॅक्स’, म्हणजे मर्यादित परवानगीची, धरली जाते. पेमेंट गेटवे अर्जदाराला पोस्ट (फॉर्म पाठवण्याच्या) विनंतीने परत पाठवतो तेव्हा अशी कुकी सोबत जात नाही. क्रोमने नव्या कुकीला दोन मिनिटांची सवलत ठेवली, पण बँकेचं पान आणि ओटीपी यात दोन मिनिटं सहज जातात. मग सर्व्हरला वाटतं की कुणी अनोळखी आलं आहे, आणि तो लॉगिनचं पान दाखवतो. ‘सेमसाइट=नन; सिक्युअर’ लिहून हे तात्पुरतं सुटतं. खरा इलाज असा की पैसे आल्याची नोंद सेशनवर अवलंबून ठेवायचीच नाही. गेटवेकडून थेट सर्व्हरला येणारा संदेश आणि व्यवहार क्रमांक यांवरून ती पक्की करायची. हे न करता लोकांचे पैसे घेणं बेजबाबदारपणाचं आहे.

आता वेळमर्यादा, म्हणजे विनंती न आल्यास किती वेळाने सेशन संपवायचं. टॉमकॅटची मूळ मर्यादा ३० मिनिटं, पीएचपी आणि एएसपी डॉट नेट या वेबसाइट बनवायच्या तंत्रांची अनुक्रमे १,४४० सेकंद आणि २० मिनिटं. सर्व्हर मोजतो त्या विनंत्या, टायपिंग नव्हे. लांबलचक पान भरत बसलेला माणूस त्याच्या दृष्टीने रिकामा बसलेला असतो. म्हणून मर्यादा आठ तास करा, असंही आम्ही म्हणणार नाही. त्याने मेमरी भरते आणि सामायिक संगणकावर उघडं राहिलेलं खातं दुसऱ्याच्या हाती लागतं. मर्यादा ३० मिनिटं ठेवा, पण मसुदा दर मिनिटाला डेटाबेसमध्ये जतन करा, सेशन संपण्याआधी सूचना द्या आणि पुन्हा लॉगिन केल्यावर त्याच पानावर आणून सोडा. सूचनेनंतर मुदत वाढवायला किमान २० सेकंद मिळावेत, असं डब्ल्यूसीएजी ही वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००८ पासून सांगतात, आणि तेही सर्वांत खालच्या ‘ए’ पातळीवर.

सेशनसाठी मेमरीत माहिती ठेवणाऱ्या रेडिससारखा सामायिक साठा लावा, म्हणजे कुठलाही सर्व्हर कुठल्याही अर्जदाराला ओळखेल. त्याला स्वतंत्र मेमरी द्या आणि धोरण ‘नोएव्हिक्शन’ (मेमरी भरली तरी जुनी नोंद न पुसणं) ठेवा. ‘ऑलकीज एलआरयू’ ठेवलंत तर मेमरी भरल्यावर बराच वेळ न वापरलेल्या नोंदी आधी जातात, म्हणजे शांतपणे अर्ज भरत बसलेल्याचाच बळी. कंत्राटदार याला का टाळतो तेही सांगतो. जावात सेशनमधली प्रत्येक वस्तू ‘सिरियलायझेबल’, म्हणजे मेमरीबाहेर साठवता येईल अशी, करावी लागते, सेशनमध्ये कोंबलेल्या अपलोड फायली बाहेर काढाव्या लागतात, जुना कोड उघडावा लागतो. नवा सर्व्हर विकत घेणं त्याहून सोपं आणि बिलही मोठं.

आणि हे बिल मंजूर होतं, कारण तुमची मोजणीच चुकीची आहे. करारात सर्व्हर किती टक्के वेळ चालू होता ते बघतात. ९९.५ टक्के चालू म्हणजेही वर्षाला जवळजवळ ४४ तास बंद, आणि ते ४४ तास नेमके शेवटच्या दोन दिवसांत आले तरी करार पाळला गेला असंच ठरतं. सेशन तुटलेलं असताना मुखपृष्ठ उघडतंच, म्हणून तुमच्या तक्त्यात तो दिवस हिरवा. अर्ज सुरू किती जणांनी केला आणि पूर्ण किती जणांचा झाला, हा आकडा कुणी मागतच नाही. निविदा लिहिणाऱ्याला तो सुचत नाही, कंत्राटदाराला परवडत नाही आणि नागरिकाला तो मागायची जागा नाही. ज्याचा अर्ज बुडाला त्यालाच कॅशे साफ करायला सांगणारी ही व्यवस्था तुम्ही चालवता, मंत्रिमहोदय, आणि उत्तरदायीही तुम्हीच आहात.

एक काम मात्र आजच करा. सर्व्हरचे लॉग, म्हणजे कामाच्या नोंदी, ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जातात. चारही सर्व्हरचे, लोड बॅलन्सरचे आणि पेमेंटचे त्या दिवसाचे लॉग लेखी आदेशाने गोठवा. गेटवेच्या यशस्वी व्यवहारांची यादी प्रलंबित अर्जांशी व्यवहार क्रमांकाने जुळवा. जे जुळतील ते अर्ज मुदतीत आले असं धरा. ज्यांचा लॉगिन त्या दिवशी नोंदला आहे आणि अर्ज अपुरा आहे, त्यांच्यासाठी खिडकी पुन्हा उघडा, पण सेशनची दुरुस्ती झाल्यावरच.

आपले,
वेब सर्व्हर सांभाळणारे काही अभियंते