गॅरेजवाल्या काकांचे मनापासून आभार

आमची १९७२ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊन आम्ही इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला गेलो होतो. १९८०पर्यंत या गाड्या तिथेच बनत. परतताना सूर्य समोर आला आणि काचेवरचा सन व्हायजर (ऊन अडवणारी झडप) पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर पडू लागला. हिने तो हाताने धरून ठेवला, पण रस्ता नीट दिसेना.

वाटेतल्या गॅरेजचे वयस्कर मेकॅनिक शटर ओढत होते, तरी थांबले. आधी डॅशबोर्डवर स्वच्छ फडकं अंथरलं (जुन्या गाडीची कदर असणाराच असं करतो!), मग व्हायजरची दांडी काढली. पकड झिजली होती. जुन्या ट्यूबची बारीक पट्टी दांडीभोवती गुंडाळून त्यांनी स्क्रू बेतानेच आवळला, आटे जाऊ नयेत म्हणून. पैसे घेतले नाहीतच, उलट दुसऱ्या व्हायजरसाठीही पट्टी कापून दिली.

काका, तुमच्यामुळे आम्ही सुखरूप घरी पोचलो. खूप खूप आभार!