रोबो विकणाऱ्याने किती मांडण्या तपासल्या, हे ग्राहकाला कळू द्या

माननीय अर्थमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

चलन बाजारात आपोआप सौदे करणारे प्रोग्राम लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. लोक त्यांना रोबो म्हणतात, बॉट म्हणतात. मेटाट्रेडर हे सौदे करण्याचे सॉफ्टवेअर वापरणारे एक्स्पर्ट अ‍ॅडव्हायझर किंवा नुसतेच ईए म्हणतात. असा तयार रोबो सामान्य माणसाला विकला जातो तेव्हा विक्रेत्याने त्याच्यापुढे काय उघड करायला हवे, याचा नियम आपण करावा, एवढीच विनंती घेऊन हे पत्र लिहीत आहे.

रोबोंवर बंदी घालावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. चांगला लिहिलेला प्रोग्राम घाबरत नाही, तोटा भरून काढायच्या नादात सौदा वाढवत नाही आणि ठरवलेला स्टॉप लॉस (तोटा ठरावीक मर्यादेला पोहोचला की सौदा आपोआप बंद करण्याची सूचना) ऐन वेळी मागे सरकवत नाही. माणसाला हे फार कठीण जाते. मला या कामाविषयी आस्था आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर जे विकले जाते ते पाहवत नाही.

रोबोच्या जाहिरातीत बहुतेक वेळा एक आलेख असतो. डावीकडून उजवीकडे सरळ चढत जाणारी रेघ, खाली दहा वर्षांच्या तारखा. याला बॅकटेस्ट म्हणतात: जुन्या भावांवर प्रोग्राम चालवून तेव्हा काय झाले असते ते पाहायचे. समजा, एखाद्या रोबोत तीन आकडे बदलता येतात. किती तासांची सरासरी घ्यायची, स्टॉप लॉस किती अंतरावर ठेवायचा आणि नफा कुठे पदरात पाडून घ्यायचा. प्रत्येक आकड्याला वीस पर्याय दिले की ८,००० मांडण्या, म्हणजे आकड्यांचे वेगवेगळे संच, होतात. संगणक रात्रभरात त्या सगळ्या तपासून त्यांची क्रमवारी लावतो. बाजाराचे भाव निव्वळ नाणेफेकीने ठरले असते, तरी इतक्या मांडण्यांमधून काहींचा आलेख देखणा निघालाच असता. विक्रेता त्यातला सर्वात देखणा छापतो. तो आलेख बनावट नसतो, पण उरलेले ७,९९९ आलेख ग्राहकाला कधीच दिसत नाहीत. ते किती होते आणि कसे होते हे कळल्याशिवाय छापलेल्या आलेखाला काडीचा अर्थ नाही.

महोदय, या पत्रातली एकच गोष्ट आपल्या लक्षात राहणार असेल तर ती ही असावी. विक्रेत्याने एकूण किती मांडण्या तपासल्या तो आकडा आलेखाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, छापणे बंधनकारक करा. शिवाय मांडणी पक्की झाल्यानंतरच्या काळात, म्हणजे जे भाव निवडीच्या वेळी वापरलेच नव्हते त्यांच्यावर, रोबोने काय केले हेही स्वतंत्रपणे दाखवायला लावा. प्रामाणिक प्रोग्रॅमर दोन्ही गोष्टी आपल्या वहीत ठेवतोच. त्याला या नियमाचा भार वाटणार नाही.

चाचणी कशी घेतली हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मेटाट्रेडर ४ हे २००५ पासूनचे व्यासपीठ अजूनही सर्रास वापरले जाते. त्याच्या चाचणीयंत्रणेत संपूर्ण चाचणीला एकच स्थिर स्प्रेड धरला जातो आणि मिनिटाच्या आतल्या भावांच्या हालचाली अंदाजाने भरल्या जातात. प्रत्यक्ष बाजारात खरेदी आणि विक्रीच्या भावातले हे अंतर सतत बदलते. न्यूयॉर्कच्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजतात आणि चलन बाजाराचा दिवस पालटतो, त्या सुमारास ते हमखास रुंदावते. महत्त्वाची आकडेवारी जाहीर होतानाही तेच. आता असा रोबो घ्या, जो चाचणीत दर सौद्यामागे सरासरी दोन पिप (पिप म्हणजे चलनाच्या भावातला फरक मोजायचे बारीक एकक) कमावतो. प्रत्यक्षात स्प्रेड एका पिपने जास्त पडला की निम्मा नफा गेला. ऑर्डर पोहोचेपर्यंत भाव आणखी एक पिप सरकला की उरलेलाही गेला. खूप सौदे करणाऱ्या रोबोंचे दुखणे बहुतेक इथेच असते, आणि जाहिरातीत त्याचा मागमूसही नसतो.

याहून मोठी फसगत खात्याच्या उताऱ्यात असते. बॅलन्स म्हणजे बंद झालेल्या सौद्यांचा हिशेब, आणि इक्विटी म्हणजे उघडे सौदे आत्ताच्या भावाने धरून उरणारी रक्कम. काही रोबो नफ्यातले सौदे तत्काळ बंद करतात, तोट्यातले मात्र उघडेच ठेवून त्यांच्यात भर घालत राहतात. मग बॅलन्सची रेघ महिनोन्‌महिने वर जाते आणि इक्विटी आतून पोखरली जात असते. मार्टिंगेल हा त्यातलाच प्रकार: प्रत्येक तोट्यानंतर सौदा दुप्पट. ०.०१ लॉटपासून सुरुवात केली तर सलग दहा तोट्यांनंतरचा सौदा १०.२४ लॉटचा होतो, म्हणजे पहिल्याच्या १,०२४ पट. एक लॉट म्हणजे मूळ चलनाची एक लाख एकके, हे लक्षात घेतले की कुठल्याही साध्या खात्याला ते का झेपत नाही ते उघड होते. सलग दहा तोटे दुर्मीळ वाटतात. पण जिंकण्या-हरण्याची शक्यता समसमान असेल, तर दिवसाला वीस-पंचवीस सौदे करणाऱ्या रोबोवर ती पाळी सरासरी चार-पाच महिन्यांत येते. तोवर विक्रेत्याने रोबो अनेकांना विकलेला असतो. म्हणून माझी दुसरी मागणी: जाहिरातीत बॅलन्सचा आलेख दाखवायचा असेल तर त्याच चौकटीत इक्विटीचाही दाखवलाच पाहिजे, आणि तोट्यानंतर सौदा वाढवणारा रोबो असेल तर ते पहिल्या ओळीत लिहिलेले असले पाहिजे.

जुन्या भावांवर डोळे झाकून विश्वास ठेवण्याची किंमत किती, हे स्विस फ्रँकने दाखवून दिले आहे. सप्टेंबर २०११ मध्ये स्विस मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक हा भाव राखण्याचे जाहीर केले. पुढची तीन वर्षे १.२० च्या जवळ युरो घेणारा प्रोग्राम चाचणीत जवळजवळ अजिंक्य दिसत होता. १५ जानेवारी २०१५ रोजी बँकेने हे धोरण अचानक सोडले आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली घसरला. स्टॉप लॉस लावलेले होते, पण त्या भावाला समोर घेणाराच कुणी नव्हता. अनेकांची खाती शून्याखाली गेली, काही ब्रोकर कंपन्या बुडाल्या. त्या तीन वर्षांच्या आकड्यांमध्ये हा धोका कुठेच नोंदलेला नव्हता. तो बँकेच्या धोरणात होता.

नियम करणे अशक्य आहे असे कुणी आपल्याला सांगेल. तसे नाही. युरोपात २०१८ पासून किरकोळ ग्राहकांसाठी प्रमुख चलन जोड्यांवरचे लिव्हरेज, म्हणजे स्वतःच्या रकमेच्या किती पट सौदा करता येतो ती मर्यादा, ३० पटींवर आणले गेले, खाते शून्याखाली जाणार नाही अशी हमी सक्तीची झाली आणि किती टक्के ग्राहक तोट्यात आहेत हे ब्रोकरला स्वतःच्याच जाहिरातीत छापावे लागू लागले. त्या वेळी युरोपीय नियामकाने हे प्रमाण ७४ ते ८९ टक्के असल्याचे सांगितले होते. अमेरिकेत काल्पनिक निकाल दाखवणाऱ्या सौदा-सल्लागारांना त्या निकालांच्या मर्यादांचा इशारा द्यावा लागतो, आणि तिथल्या वायदे नियामकाने जानेवारी २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बॉटविरुद्ध लोकांना सावध केले. हे सगळे स्वागतार्ह आहे. पण ठरावीक शब्दांतला इशारा लोक वाचत नाहीत. आकडा वाचतात.

मोठ्या संस्थांसाठी तर कडक नियम आहेतच. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकी शेअर बाजारात नाइट कॅपिटल या कंपनीच्या प्रोग्रामने पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलरचा तोटा केला, तेव्हा सगळ्या जगाला धक्का बसला. युरोपात आता अल्गोरिदमने सौदे करणाऱ्या संस्थांना प्रोग्रामची आधी चाचणी घ्यावी लागते आणि सर्व प्रलंबित ऑर्डर एका झटक्यात रद्द करण्याची सोय ठेवावी लागते. घरच्या संगणकावर विकत घेतलेला रोबो लावणाऱ्याला असले काही संरक्षण नाही. ठरावीक तोटा झाला की रोबो थांबेल आणि स्वतःहून पुन्हा सुरू होणार नाही, ही सोय आम्हा प्रोग्रॅमरांना काही ओळींत लिहिता येते. ती विकण्याची अट का नसावी?

विक्रेते म्हणतील, आम्ही सल्ला देत नाही, फक्त सॉफ्टवेअर विकतो. तर मग त्यांचे उत्पन्न कुठून येते ते तपासावे, ही विनंती. पुष्कळ रोबो फुकट वाटले जातात. अट एवढीच की खाते त्यांनी सांगितलेल्या ब्रोकरकडे उघडायचे. ब्रोकर त्या विक्रेत्याला ग्राहकाच्या प्रत्येक लॉटमागे मोबदला देतो. ग्राहक जिंको वा हरो, सौदे जितके जास्त तितकी विक्रेत्याची कमाई जास्त. असा रोबो उगाच सौदे करत सुटला तर नवल नाही. हा मोबदला ग्राहकाला आधी लेखी कळवलाच पाहिजे.

विक्रेता कुठल्याही देशात बसलेला असू शकतो, त्याला पकडणार कसे, हा प्रश्न रास्त आहे. पण मोबदला देणाऱ्या ब्रोकरला परवाना लागतो. ज्या विक्रेत्याने मांडण्यांची संख्या, इक्विटीचा आलेख आणि तोट्याची मर्यादा जाहीर केलेली नाही, त्याला मोबदला देण्यास परवानाधारक ब्रोकरला मनाई करा. सुरुवात इथून करता येईल, आणि त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. प्रकटनाचा नमुना तयार करताना आपल्या अधिकाऱ्यांना प्रोग्रॅमरची मदत हवी असेल, तर मी विनामोबदला यायला तयार आहे.

आपला,
चलन बाजारासाठी प्रोग्राम लिहिणारा एक नागरिक