पक्या, ती ग्रिल टाकू नकोस

प्रिय पक्या,

फोटो बघितला आणि लगेच लिहायला बसलो, कारण तू म्हणतोयस की शेजारी घर सोडताना देऊन गेलेल्या वेबर कंपनीच्या कोळशाच्या ग्रिलचा आतून पेंट सुटतोय, खपल्या पडतायत, शनिवारी कचऱ्यात टाकतो. अरे टाकू नकोस! तो पेंट नाहीच आहे. आतबाहेर सगळं एनॅमल असतं, म्हणजे स्टीलवर भट्टीत वितळवून बसवलेली काच, आजीकडे निळ्या काठाचे पांढरे टोप असायचे ना, तसलंच. सुटतंय ते इतक्या वर्षांचा धूर आणि चरबी, जळून जळून त्याचे पापुद्रे झालेत. नखाने ओढ, निघेल बघ.

मी मागच्या वर्षी इथे एडिसनला गॅरेज सेलमधून २२ इंची केटल, म्हणजे हीच गोल, झाकणाची ग्रिल, उचलली, तुझ्या ग्रिलसारखीच काळी, २० डॉलरला. अपार्टमेंटमध्ये होतो तेव्हा बाल्कनीत कोळसा पेटवायला परवानगी नव्हती, सात वर्षं गॅसवर वांगी भाजली आणि दर वेळी वाटायचं की भरीत झालं पण शेगडीचा वास काही आला नाही.

आधी राख कोरडी असतानाच काढ, ओली झाली की चिखल होतो आणि हाताला चरचरतं. मग गरम पाणी, भांड्याचा साबण आणि प्लॅस्टिकचा स्क्रेपर, बस्स. झाकण उलटं धरून घासलं तर पापुद्रे पटापट सुटतात, पार गुळगुळीत व्हायलाच पाहिजे असं काही नाही, सुटं आहे तेवढं काढ म्हणजे जेवणात पडणार नाही. मी घाई केली, ओव्हन क्लीनर मारला. त्यात कॉस्टिक, म्हणजे जळजळीत क्षार, असतं आणि ते ॲल्युमिनियम खातं, झाकणावरची हवेची चकती ॲल्युमिनियमची, ती काळवंडली ती कायमची. अजून हळहळ वाटते. तू ते करू नकोस.

खरी झटापट तळाशी आहे. राख खाली ढकलणारी तीन पाती असतात, माझी चरबी आणि राखेने अशी गच्च बसलेली की दांडा हलेना. जोर लावला तर दांडाच वाकला असता, म्हणून तळ कढत साबणपाण्याने भिजवला, वर ओली फडकी टाकून रात्रभर ठेवला आणि सकाळी लाकडाच्या ठोकळ्याने हळूहळू ठोकत गेलो. तासाभराने कर्रर्र करून दांडा एक बोट सरकला, मग दोन बोटं, आणि मग पाती अख्खी फिरली, पक्या मला इतका आनंद झाला की आत जाऊन सगळ्यांना बाहेर बोलावून दाखवलं.

वरच्या जाळीला नुसता वरवरचा गंज असेल तर अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी करून रात्रभर बुडव, सकाळी घास. खोल खड्डे पडले असतील तर मात्र नवीन घे. खालची कोळशाची जाळी तर जळतेच, माझीही बदलावी लागली. आणि हार्डवेअरच्या दुकानातली गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, जाळी कापून बसवू नकोस, तापली की जस्ताचा धूर होतो. तारेचा ब्रशही नको, त्याची तार तुटून जाळीला चिकटते आणि घासातून पोटात जाते, २०१२ मध्ये सीडीसीने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, अशा केसेस छापल्या होत्या. तुझ्याकडे पोरं लहान आहेत. फॉइलचा बोळा घे चिमट्यात, छान घासतो.

सगळं जोडलंस की पहिल्यांदा काही शिजवू नकोस. कोळसा पेटवायची ती पत्र्याची नळकांडी, चिमणी म्हणतात ती, पूर्ण भरून कोळसा पेटव, झाकण लाव, सगळ्या चकत्या उघड्या ठेव आणि तासभर तापू दे, उरलंसुरलं जळून जातं. मग जाळीला अगदी पातळ तेलाचा हात फिरव.

ही केटल १९५२ मध्ये शिकागोकडे जॉर्ज स्टीफनने बनवली, वेबर ब्रदर्सच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे बोये बनायचे, त्यातलाच एक गोळा आडवा कापून. सत्तर वर्षांवर झाली तरी आकार तोच आहे, कारण त्यात बिघडण्यासारखं फार काही नाहीच. एनॅमलचा टवका उडून तिथे स्टील गंजून आरपार भोक पडलं असेल तरच टाक, आणि तुझ्या फोटोत मला तसं कुठे दिसत नाही.

उद्या तळाचा फोटो पाठव, पाती दिसतील असा. आणि वांगी आणून ठेव, मोठी, कमी बियांची.

तुझा,
सुध्या