माळेगावच्या यात्रेत औषधाबरोबर नोंदवहीही द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी नांदेड जिल्ह्यात गावोगाव फिरून जनावरं तपासणारा पशुवैद्यक आहे. गाय, म्हैस, शेळीसाठी आमच्या हाताशी बरंच ज्ञान आहे. घोडा आणि गाढव समोर आलं, की बऱ्याचदा अंदाजाने काम चालतं, आणि ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

लंगडणाऱ्या घोड्याला डाग देण्याची रीत अजून सुटलेली नाही. सुजलेल्या पायावर तापल्या लोखंडाने रेघा ओढतात. जनावर थरथरतं, चार जण ते धरून ठेवतात. मालक काही दुष्ट नसतो. डागलेला घोडा महिना-दोन महिने बांधून राहतो, त्या विश्रांतीने पाय सुधारतो आणि श्रेय डागाला मिळतं. इंग्लंडमध्येही ही रीत होतीच. ब्रिस्टॉलच्या संशोधकांनी डागलेल्या आणि न डागलेल्या पायांची तुलना केली आणि डागाने कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग, लवकर भरून येत नाही, हे १९८३ साली मांडलं. अशी तुलना केल्याशिवाय गुण औषधाचा की आरामाचा, हे कुणाला कळणार?

गाढवाची गोष्ट तर आणखी अवघड. वीटभट्टीवरच्या गाढवाला आम्ही घोड्याच्या हिशेबाने औषध देतो. पण रोजच्या वापरातलं मेलॉक्झिकॅम हे वेदनाशामक गाढवाच्या अंगात घोड्यापेक्षा खूपच कमी वेळ टिकतं. शिवाय गाढव दुखणं दाखवत नाही. पोटशूळाने घोडा लोळतो, गाढव मान खाली घालून नुसतं उभं राहतं. त्यातच चारा सुटला, की रक्तात चरबी वाढते आणि जनावर हातचं जातं. २०१९ च्या पशुगणनेत देशात गाढवं जेमतेम सव्वा लाख उरली होती, आधीच्या गणनेपेक्षा साठ टक्क्यांहून जास्त घट. वडार, कुंभार, कैकाडी घरांची चूल त्यांच्यावर चालते.

लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा ही जनावरं एका जागी मिळतात. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना तिथे लिदीचे आणि रक्ताचे नमुने घ्यायला पाठवा. जंताची अंडी मोजून औषध द्यावं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावीत. जगभर घोड्यांचे जंत जुन्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत, आपल्याकडे काय स्थिती आहे ते असंच कळेल. बाजारात विकलेलं जनावर दुसऱ्या मोजणीला सापडणं कठीण, म्हणून खरेदीदाराचा फोन नंबर घ्यावा आणि नेहमीच्या जागी असणारी भट्टीवरची जनावरंही यात धरावीत.

रक्ताचे नमुने सर्रा (रक्तातल्या परजीवीचा आजार) आणि ग्लँडर्स (जिवाणूंचा संसर्गजन्य आजार) यांसाठी तपासता येतील. २००६ मध्ये ग्लँडर्सने देशात पुन्हा डोकं वर काढलं ते महाराष्ट्रातच, आणि तो माणसालाही होतो. बाधित जनावर मारावं लागतं, म्हणून मालक आजार लपवतो. भरपाई वेळेत हातात पडेल, याची हमी आधी द्या. नाहीतर नमुना द्यायला कुणी पुढे येणार नाही.

हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचं मार्गदर्शन मागवता येईल. निष्कर्ष मात्र मराठीत, एका पानावर, प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचावेत. उपचार फसला, तर तोही त्यात लिहिलेला असावा.

येत्या यात्रेआधी आदेश निघावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक पशुवैद्यक, जि. नांदेड