आई, गुरुवारच्या स्कॅनआधी एवढं कर

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "हाडांचा स्कॅन आहे, त्यात तयारी कसली? झोपायचं आणि उठायचं." तेव्हा मी कामावर होते, नीट बोलता आलं नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलेलं वर सरकून जातं, म्हणून कागदावर लिहिते आहे. बाबा, वाचून झालं की हा कागद आईच्या फाइलमध्येच लावून ठेवा.

आई, कुणी विचारलं की गोळ्या काय चालू आहेत, तर तू बीपीची एक सांगतेस आणि गप्प बसतेस. दिवाळीत आले होते तेव्हा देव्हाऱ्याशेजारचं कपाट मी उघडून बघितलं. कॅल्शियमचा डबा, प्रवाळ पिष्टीची बाटली, वहिनीने ऑनलाइन मागवून दिलेल्या केसांच्या गोळ्या आणि समुद्री शेवाळाची ती हिरवी पावडर. यातलं एकही डॉक्टरांच्या कागदावर नाही. चिठ्ठीशिवाय मिळतात, म्हणून त्या सांगण्यासारख्या वाटत नाहीत, हे मला कळतं. पण मशीनपुढे त्या लपत नाहीत, आणि रक्ताच्या तपासणीत तर लपून बसून घोळ घालतात.

आधी गुरुवारचं बोलू. डेक्सा स्कॅनमध्ये कमरेचे मणके आणि खुब्याचं हाड बघतात. दोन वेगवेगळ्या ताकदीचे एक्स-रे अगदी कमी मात्रेत शरीरातून जातात. हाडात कॅल्शियम जितकं जास्त, तितके ते जास्त अडतात, आणि त्यावरून घनता मोजली जाते. आता कॅल्शियमची गोळी म्हणजे बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेट, खडूच्या जातीचंच. ती पोटात अजून विरघळली नसेल आणि आतड्यात नेमकी मणक्यासमोर आली, तर मशीनला हाड कुठलं आणि गोळी कुठली हे कळत नाही. दोन्ही मिळून ते हाडच समजतं.

मी रोज अशाच मशीनवर काम करते, म्हणून बघितलेलं सांगते. पडद्यावर मणके खालून वर एकेक ओळ करत उमटत जातात, करडे, कडा थोड्या पुसट. एका आजींच्या तिसऱ्या मणक्यावर पांढराशुभ्र गोल ठिपका आला, कडा सुरीने कापल्यासारखी. हाडाला अशी कडा नसते. विचारलं, तर सकाळी चहाबरोबर कॅल्शियमची गोळी घेऊन आल्या होत्या, रिपोर्ट चांगला यावा म्हणून. ठिपका असा ठळक असला तर आम्ही तो मणका हिशेबातून वगळतो. टी-स्कोअर म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून येणारा आकडा. शेजारच्या मणक्यांपेक्षा एकाचाच टी-स्कोअर एक पूर्ण आकड्याहून जास्त आला, तरी शंका घेतात. पण गोळी अर्धी विरघळलेली असली, पसरलेली असली, तर ती इतकी सहज नजरेत भरत नाही.

आणि मला काळजी याचीच आहे. टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला की हाडं ठिसूळ झाली म्हणतात, उणे 1 ते उणे 2.5 च्या मधे असला तर विरळ व्हायला लागलीत म्हणतात. गोळीमुळे आकडा वर जातो. म्हणजे रिपोर्ट खोटा चांगला येतो. वाईट रिपोर्ट आला तर माणूस पुन्हा तपासतो. चांगला आलेला कुणी पुन्हा तपासत नाही. औषध सुरू व्हायचं राहून जातं आणि मोरीत पाय घसरल्यावर कळतं. मावशीच्या खुब्याचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

तेव्हा कॅल्शियमची शेवटची गोळी मंगळवारी रात्री. बुधवारी नाही आणि गुरुवारी सकाळी नाही. स्कॅन झाला की बेळगावातच जेवणानंतर घे. प्रवाळ पिष्टीही तशीच बंद ठेव, कारण प्रवाळ म्हणजेही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. शंख भस्म कुणी दिलं असेल तर तेही. गव्हाच्या दाण्याएवढा चुना खायचं जे तू कुणाच्या तरी व्हिडिओवरून सुरू केलंस, तेही त्या दिवशी नको. दूध, दही, नाचणीची भाकरी नेहमीसारखी खा, उपाशी राहायचं कारण नाही. महिन्याची व्हिटॅमिन डी-थ्रीची पुडी असते, तिचा या स्कॅनला काही त्रास नाही. आणि बीपीची गोळी चुकवायची नाही. ती घेऊनच निघायचं.

साडी नेसून जाणार असशील तर निऱ्यांना सेफ्टी पिन लावू नकोस. ती बरोबर कमरेच्या मणक्यांसमोर येते. आम्ही रोज कुणाच्या ना कुणाच्या पिना काढायला लावतो. त्यापेक्षा सैल, नाडीचा सलवार-कुर्ता घालून जा.

मामा म्हणतोय, एवढं वंटमुरीचा घाट ओलांडून बेळगावला कशाला जाता, निपाणीहून कोल्हापूर जवळ, तिथे आपली भाषा आहे. इतर दुखण्यांना जाऊ आपण कोल्हापूरला, मिरजेला, कायम जातोच. पण मागचा स्कॅन बेळगावच्या मशीनवर झालाय, आणि दोन वेगळ्या मशीनचे आकडे सरळ एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. दोन वर्षांत हाड वाढलं की घटलं हे बघायचं तर तेच मशीन हवं. या वेळी तिथेच.

तिथे तयारीचा कागद कन्नडमध्ये आणि इंग्रजीत देतात, मराठीत मिळत नाही. मागच्या वेळी आईने घडी घालून पर्समध्ये ठेवला तो तसाच होता. बाबा, तुम्हाला बोलण्यापुरतं कन्नड चांगलं येतं, बाजारात उभं आयुष्य गेलं तुमचं. काउंटरवरच्या मुलीला कागद वाचून दाखवायला सांगा, त्यात संकोच नको. हो की नाही अशा खुणा करायचा एक फॉर्मही असतो, त्यावर न समजता सही करू नका. यात "गेल्या काही दिवसांत बेरियमची किंवा डाय घालून सीटीची तपासणी झाली का" असा प्रश्न असतो. बेरियम आणि डाय म्हणजे आतले अवयव चित्रात उठून दिसावेत म्हणून देतात ती औषधं, तीही पोटात उरली तर मणक्यांवर दिसतात.

आता थायरॉईडचं. आई, तुझ्या रक्तात टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारा हार्मोन) एकदम खाली आणि टी-फोर (थायरॉईडचा स्वतःचा हार्मोन) वर आलाय, म्हणून थायरॉईडचा स्कॅन सांगितलाय. पण तुझं वजन उतरलेलं नाही, हात थरथरत नाहीत, धडधड नाही, उलट पंखा बंद कर म्हणून तूच ओरडतेस. रिपोर्ट आणि माणूस जुळत नाहीत. मला संशय त्या केसांच्या गोळ्यांचा आहे. डबीवरचा फोटो वहिनीने पाठवला, त्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व 10 मिलिग्रॅम आहे. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे ही तीनशेपटीहून जास्त. रक्त तपासणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये हार्मोन पकडायला बायोटिनचाच उपयोग केलेला असतो. रक्तात ते आधीच भरपूर असलं की मोजणी चुकते, आणि नेमका तुझ्यासारखाच रिपोर्ट येतो, थायरॉईड जास्त चालत असल्यासारखा. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिनही यामुळे खोटं कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणून वहिनीने प्रेमाने दिल्या असल्या तरी या गोळ्यांबद्दल मी गप्प बसणार नाही. तिच्यावर रागावू नका, डबीवर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

डॉक्टरांना फोन करून सांगा की ही गोळी चालू होती. निदान दोन-तीन दिवस ती बंद ठेवून रक्त पुन्हा तपासायला हवं. गोळी एवढी मोठी असली तर जास्त दिवसही सांगतील, ते म्हणतील तसं. कदाचित स्कॅनची गरजच उरणार नाही.

आणि उरलीच, तर ती हिरवी पावडर. समुद्री शेवाळात आयोडीन भरपूर असतं. थायरॉईडच्या स्कॅनमध्ये किरणोत्सारी औषधाचा अगदी थोडा अंश देतात आणि ग्रंथी तो किती ओढून घेते ते बघतात. ग्रंथी आधीच आयोडीनने भरलेली असली तर जेवून आलेल्या पाहुण्यासारखी ती ताटाला हातच लावत नाही. स्कॅनवर ग्रंथी फिकी दिसते, आणि फिकी दिसली की ग्रंथीला सूज आली असावी असं निदान होऊ शकतं. चूक रक्ताची आणि चूक स्कॅनची एकत्र आली तर नसलेल्या आजारावर उपचार सुरू होतील. ही पावडर एक-दोन दिवस बंद करून भागत नाही, काही आठवडे लागतात. आजपासूनच बंद कर. घरातलं मीठ मात्र आपल्या मनाने बदलू नकोस. डाय घालून सीटी करायची वेळ आली, तर त्या डायमध्येही आयोडीन असतं, तेव्हा थायरॉईडचा स्कॅन राहिलाय हे आधी सांगायचं.

बाबा, तुमच्या गुडघ्याच्या एमआरआयचं तुम्ही विचारलंत. जस्ताची, लोहाची गोळी चुंबक ओढून घेईल का? नाही. ती धातूची कपची नसते, क्षार असतो, आणि गुडघ्याच्या चित्रात तिचा काही संबंध येत नाही. गोळ्या चालू ठेवा. शुगरचीही. पण हातातलं तांब्याचं कडं, गळ्यातला ताईत आणि गुडघ्यावर लावता ती दुखण्याची पट्टी, तिन्ही बाहेर काढून ठेवा. काही पट्ट्यांच्या मागे धातूचा पातळ थर असतो, तो मशीनमध्ये तापून कातडी भाजू शकते. तरुणपणी तंबाखूच्या वखारीत पत्र्याची कपची डोळ्यात गेली होती, ते आत जाण्याआधी नक्की सांगा. डोळ्यात कण राहिला असेल तर आधी एक्स-रे काढून बघतात. सांगायला विसरू नका, बाबा, हे मी कळकळीने लिहिते आहे.

सगळे डबे, बाटल्या, पुड्या एका पिशवीत भरून बरोबर न्या. नावं पाठ करायची गरज नाही, पिशवी टेबलावर ठेवायची. बुधवारी रात्री नऊला फोन करते, तेव्हा पिशवी समोर घेऊन बसा, एकेक डबा वाचून दाखवा. दादाला गाडीचं सांगितलंय, सकाळी साडेसातला निघा म्हणजे काकतीच्या गर्दीआधी पोहोचाल.

तुमची लाडकी लेक