हाडांची गोळी परस्पर बंद करू नका

संपादक महोदय,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला आतड्यांतले जिवाणू आणि हाडे यांवरचा लेख वाचला. विषय घेतलात हे चांगलेच झाले, पण गोष्ट अर्धीच आली. ही अर्धी गोष्ट आमच्या घरी महागात पडली आहे, म्हणून लिहिते.

माझ्या थोरल्या जाऊबाई ७४ वर्षांच्या. हाडे ठिसूळ झाल्याचे निघाल्यापासून त्या आठवड्यातून एकदा गोळी घेत. ती उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. दर सोमवारी रामरक्षा म्हणत त्यांच्या गॅलरीत फेऱ्या चालत. उन्हाळ्यात एका शिबिरात कोणीतरी प्रोबायोटिक, म्हणजे आतड्यांना उपयोगी जिवाणूंच्या, कॅप्सूल गळ्यात मारल्या आणि आता गोळीची गरज नाही म्हणून सांगितले. गोळी सुटली. दिवाळीआधी मोरीत पाय घसरून मनगट मोडले. गोळी चालू असती तर मोडलेच नसते, असे मी म्हणत नाही. पण डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करायला सांगणारा हा कोण?

संशोधन खोटे नाही. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला ७५ ते ८० वर्षांच्या ९० स्त्रियांवर वर्षभर चाचणी झाली. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी हा जिवाणू घेणाऱ्यांच्या नडगीच्या हाडाची झीज इतरांच्या जवळजवळ निम्मी होती, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या लेखात एवढेच आहे. त्याच जिवाणूवर पुढे पाळी नुकतीच गेलेल्या २३९ स्त्रियांची दोन वर्षांची चाचणी झाली. तिचा निकाल २०२४ मध्ये आला: हाडांत काहीच फरक नाही. हे का वगळले?

जिवाणूंना लागते ते आपल्या डब्यांत असतेच. ज्वारी, सालाच्या डाळी, पालेभाज्या यांतला चोथा ते मोठ्या आतड्यात आंबवतात. त्यातून होणारी ब्युटिरेटसारखी आम्ले हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतात, असे उंदरांत दिसले आहे. आपण इंदूरकर मात्र सकाळी पोहे-शेव आणि रात्री सराफ्यातली खाऊगल्ली यांतच रमतो. मी आता रोज एक वेळ भाकरी थापते. हाडांच्या औषधाऐवजी नव्हे, त्याच्या जोडीला.

प्लास्टर निघाले, गोळी पुन्हा सुरू झाली, आणि रविवारी जाऊबाई लेखाचे कात्रण घेऊन आल्या. "बघ, पेपरातसुद्धा आलंय. कॅप्सूल परत आणू का?" छापील शब्दावर त्यांचा फार विश्वास. तेव्हा पुढच्या रविवारी २०२४ च्या निकालाबद्दल चार ओळी ठळक अक्षरांत छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर